सावळ्या बोटावरचा ऑक्सिमीटर वाचताना
पल्स ऑक्सिमीटर सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून आरपार सोडून रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य लाल प्रकाश अधिक शोषत असल्याने गडद वर्णाच्या व्यक्तीत आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असूनही धमनीतील रक्तात ऑक्सिजनचे प्रत्यक्ष प्रमाण ८८ टक्क्यांखाली असण्याचा प्रकार कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळला.

ठाण्यातील वर्तकनगरसारख्या भागात, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीचे जिने चढून आल्या आल्या मोजू नये. पाच मिनिटे स्वस्थ बसावे, नेलपॉलिश पुसावे, गार बोटे चोळून ऊबदार करावीत आणि आकडा स्थिरावेपर्यंत हात हलवू नये.

प्रकृती ठीक असतानाचा नेहमीचा आकडा वहीत नोंदवून ठेवणे माझ्या मते सर्वांत उपयोगाचे, कारण एरवी ९८ असणाऱ्याचा आकडा ९४ वर आला, तर ती घसरणच अधिक बोलकी असते. धाप लागत असेल, गुंगी येत असेल किंवा जीभ व हिरड्या निळसर दिसत असतील (सावळ्या त्वचेवर निळेपणा सहसा तिथेच कळतो), तर आकडा चांगला असला तरी रुग्णालय गाठावे. तिथे धमनीतील रक्ताचा नमुना घेऊन ऑक्सिजन थेट मोजणारी एबीजी (आर्टेरियल ब्लड गॅस) तपासणी करता येते.