पस्तिशीतला चढाईपटू राखीव म्हणून कसा वापरावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील बहुतेक तरुण मंडळांच्या कबड्डी संघांत असा एक तरी गडी असतो, ज्याच्या जोरावर मंडळाने पूर्वी स्पर्धा जिंकल्या आणि ज्याला आता पहिल्या सातांत घ्यावे की नाही यावरून प्रशिक्षक व पदाधिकारी यांच्यात दरवर्षी वाद होतो. कधी तो सैन्यातली सेवा संपवून पस्तिशीच्या आसपास गावी परतलेला जवान असतो, तर कधी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळी करून संध्याकाळी मैदानावर येणारा कामगार. अशा चढाईपटूला राखीव ठेवून उपयोग होतो का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्याला कोणत्या कामासाठी आणि कोणत्या वेळी उतरवायचे हे सामन्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. ‘गरज पडली तर बघू’ असे म्हणून बाकावर बसवलेला जुना गडी बहुधा संघ आठ-दहा गुणांनी मागे पडल्यावर उतरवला जातो, आणि नेमक्या त्याच स्थितीत त्याचा उपयोग सर्वांत कमी असतो.

चढाईपटूचे वय जन्मतारखेवरून ठरवू नये, तर त्याने किती हंगाम मुख्य चढाईपटू म्हणून अंग झिजवले आहे यावरून ठरवावे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन समोरच्या बचावफळीत घुसणाऱ्या रनिंग बॅकविषयी हाच विचार केला जातो, कारण त्यालाही एकट्याने आत जाऊन अनेकांचे धक्के सोसावे लागतात, आणि तिथले संघ त्याच्या वयाइतकाच त्याने आजवर किती वेळा चेंडू वाहून नेला याचाही विचार करतात. आपल्याकडचे उदाहरण प्रदीप नरवालचे आहे. प्रो कबड्डीच्या २०१७ च्या हंगामात त्याने चढाईत ३६९ गुण मिळवले आणि पुढे त्याच्या नावावर १,७०० हून अधिक गुण जमा झाले, तरीही २०२५ च्या लिलावात त्याच्यावर कोणी बोली लावली नाही. तेव्हा तो केवळ २८ वर्षांचा होता. उलट धर्मराज चेरलाथनने २०१६ मध्ये चाळिशी ओलांडल्यानंतर पाटणा पायरेट्सचे नेतृत्व करून विजेतेपद मिळवले, परंतु तो क्षेत्ररक्षक होता. कोपऱ्यात उभे राहून योग्य क्षणाची वाट पाहणाऱ्याला वय जेवढी सवलत देते, तेवढी ते चढाई करणाऱ्याला देत नाही.

गडी अजून कामाचा आहे की नाही, हे सरावाच्या सुरुवातीला पाहून कळत नाही. ताज्या अंगाने पहिल्या दोन चढाया कोणीही चांगल्या करतो. सराव संपत आला असताना, पाय जड झाल्यावर, त्याला पूर्ण सात क्षेत्ररक्षकांसमोर पाच-सहा चढाया करू द्याव्यात आणि तो पकडला गेला तर नेमका कुठे पकडला गेला याची नोंद ठेवावी. आत शिरताना कोपरारक्षकाने घोटा धरला, तर पाय उचलण्याचा वेग कमी झाला आहे असे समजावे. हा दोष पवित्रा बदलून, म्हणजे कोपऱ्यापासून थोडे अंतर राखून, बराच झाकता येतो. परंतु हात लावून वळल्यावर मध्यरेषेकडे परतताना साखळीने, म्हणजे हात धरून उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांच्या जोडीने, त्याला गाठले आणि हे वारंवार घडू लागले, तर पहिल्या दोन पावलांतला झपाटा गेला आहे. तो पस्तिशीनंतर फारसा परत येत नाही, आणि अशा गड्याला खोल चढाईसाठी राखीव ठेवणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला गुण देणे होय. दम घुमवण्याची कुवत शेवटपर्यंत टिकते, हात लावण्याची नजर तर वयाबरोबर वाढते. संघ फसतात ते या दोन गोष्टी पाहून.

आता नियमांकडे वळू, कारण राखीव गड्याचे सगळे गणित त्यांच्यावर अवलंबून आहे. प्रचलित नियमांनुसार संघ बारा जणांचा असतो, सात मैदानात आणि पाच राखीव. बदली विश्रांतीकाळात किंवा मध्यंतरात पंचांच्या परवानगीने करता येते, बाद होऊन बसलेल्या गड्याच्या जागी मात्र बदली मिळत नाही. वीस मिनिटांच्या प्रत्येक डावात संघाला तीस सेकंदांचे दोनच विश्रांतीकाळ मिळतात. याचा अर्थ असा की तुमचा तरुण मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला असताना त्याच्या जागी जुन्याला उतरवता येणार नाही. मैदानात उभ्या असलेल्या कोणाला तरी बाहेर काढावे लागेल. तो कोण, हे आधीच ठरवून ठेवावे, आणि तो शक्यतो त्या दिवशी न चाललेला मध्यरक्षक असावा. गावोगावच्या जत्रेतील स्पर्धांत आयोजक नियमांत स्वतःचे फेरफार करतात, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचे संघ जिथे उतरतात तिथे सूचना कधी मराठीत तर कधी कन्नडमध्ये होतात, म्हणून बदलीचा नियम नाणेफेकीच्या वेळीच पंचांना विचारून दोन्ही भाषांतल्या गड्यांना समजावून द्यावा.

काम कोणते द्यावे, हा खरा प्रश्न. अनुभवी आहे म्हणून तिसरी चढाई, म्हणजे सलग दोन बिनगुणांच्या चढायांनंतरची, त्याच्याकडे सोपवण्याची पद्धत मला सरसकट मान्य नाही. त्या चढाईत गुण मिळवणे सक्तीचे असते, क्षेत्ररक्षकांना ते ठाऊक असते, त्यामुळे ते मागे सरकून त्याला आत ओढतात, आणि खोलवर जाऊन परतणे हेच तर त्याला आता जमत नाही. परंतु समोर सहा किंवा सात क्षेत्ररक्षक असतील तर चित्र बदलते, कारण तेव्हा बोनस रेषा खुली असते आणि मागचा पाय हवेत ठेवून ती रेषा ओलांडली तरी गुण मिळतो. या कामाला वेगापेक्षा तोल, हूल आणि नजर अधिक लागते. भारताचा माजी कर्णधार अनुप कुमार याच कौशल्यासाठी ओळखला जात असे आणि तो २०१८ पर्यंत, म्हणजे पस्तिशीपर्यंत, प्रो कबड्डीत खेळला. म्हणून जुन्या गड्याला उतरवण्याची उत्तम वेळ म्हणजे आपण लोण दिल्यानंतरची, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केल्यानंतरची: प्रतिस्पर्ध्याचे सातही गडी परत मैदानात येतात, बोनस खुला होतो, आणि आपण पुढे असल्यामुळे एखादी रिकामी चढाई परवडते. विश्रांतीकाळ शिल्लक ठेवावा तो या क्षणासाठी. समोर तीन किंवा त्यांहून कमी क्षेत्ररक्षक उरले असताना मात्र त्याला चढाईला पाठवू नये. बोनस मिळत नाही आणि पकड झाली तर अव्वल पकडीचा जादा गुण जातो.

दुसरे काम शेवटच्या तीन-चार मिनिटांतले आहे. थोडी आघाडी असताना तीस सेकंद शांतपणे घालवून सुरक्षित परतणारा गडी लागतो, आणि तरुण पोरे इथेच हमखास उतावीळ होतात. त्याने फक्त एक पथ्य पाळावे: कोणाला स्पर्श झाला नसेल तर ‘निदान रेषा’ (मध्यरेषा आणि बोनस रेषा यांच्यामधली रेषा) एकदा तरी पूर्ण ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तो बाद ठरतो.

एकच नेमके काम दिल्याने काय साधते, हे अमेरिकन फुटबॉलमधल्या जेरोम बेटिसच्या उदाहरणावरून दिसते. २००५ च्या हंगामात पिट्सबर्ग स्टीलर्सकडून धावण्याचा मुख्य भार विली पार्कर या तरुणाने उचलला आणि ३३ वर्षांच्या बेटिसला प्रामुख्याने गोलरेषेजवळच्या, थोड्या अंतराच्या धावा देण्यात आल्या. त्याने हंगामात केवळ ३६८ यार्ड मिळवले, पण टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेणे, ९ वेळा केले. संघाने फेब्रुवारी २००६ मध्ये सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला आणि बेटिस तिथूनच निवृत्त झाला.

बाकावर बसण्याचा शारीरिक धोका आपल्याकडे फारसा कोणी लक्षात घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत प्रकाशझोतात होणाऱ्या सामन्यांच्या वेळी खानापूर भागात चांगलीच थंडी असते, आणि अर्धा तास बसून गार झालेल्या गड्याला एकदम उतरवले तर मांडीचा मागचा स्नायू किंवा पोटरी धरते. त्याने पहिल्या डावातही दर काही मिनिटांनी उठून मैदानामागे हलके धावावे, मध्यंतराच्या पाच मिनिटांत छोट्या झेपा आणि वळणे करावीत, आणि उतरण्याच्या क्षणापर्यंत अंगातला स्वेटर काढू नये. सरावात उड्या आणि पकडी कमी करून आठवड्यातून दोनदा गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे धरलेले असताना, धड सावकाश पुढे झुकवण्याचा व्यायाम करावा. मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती टाळण्यासाठी तो चांगलाच उपयोगी ठरलेला आहे. हंगामापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घेणे या वयात आवश्यक आहे.

त्याला हा निर्णय सांगायचा कसा, याबाबत मंडळे सहसा चुकतात. संघाची यादी फलकावर लावून त्याला कळू देऊ नये, आणि ज्याला सगळी पोरे ‘अण्णा’ म्हणतात त्याच्याशी कर्णधार असलेल्या विशीतल्या मुलाने बोलू नये. प्रशिक्षकाने एकांतात, हंगाम सुरू होण्यापूर्वी, स्पष्ट शब्दांत सांगावे: “अण्णा, तुम्ही पहिल्या सातांत नाही. लोण दिल्यावर आणि शेवटच्या चार मिनिटांत तुम्हाला उतरवणार आहे. मान्य असेल तर यादीत नाव घालतो.” सहायक प्रशिक्षक वगैरे पद देऊन समजूत काढू नये; खेळाडूला ती दया वाटते आणि ती लगेच कळते. उत्तर द्यायला त्याला दोन दिवस द्यावेत.

होकार आला तरी तीन अटी ठेवाव्यात. सरावाला बाकीच्यांइतकीच हजेरी हवी. वजनगटाच्या स्पर्धेत वजन आठवडाभर आधी आटोक्यात हवे, कारण आदल्या दिवशी पाणी तोडून वजन उतरवलेले शरीर या वयात दुसऱ्या डावात पेटके देते. आणि सलग तीन सामन्यांत त्याला ठरल्या वेळी उतरवूनही परतीच्या वाटेवर तो पकडलाच जात असेल, तर चौथ्या सामन्याच्या आधी प्रशिक्षकाने पुन्हा एकदा त्याच्याशी एकांतात बोलावे आणि त्याची जागा एखाद्या कनिष्ठ गटातल्या मुलाला द्यावी.