हॉट योगाला जाण्याआधी: सांगलीकरांसाठी तयारीची यादी

"आम्हाला काय उन्हाचं कौतुक" हे वाक्य आधी घरी ठेवा, मग बॅग भरायला घ्या. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि तरी आपण गणपती पेठेत खरेदीला जातो, भर दुपारच्या मुहूर्ताला लग्नं लावतो. त्यामुळे पुण्यात नोकरीला असलेली लेक किंवा अमेरिकेतला मुलगा "चल, हॉट योगाला नेतो" म्हणाला की चाळीस अंशांत नवीन ते काय, असंच वाटतं. हॉट योगा म्हणजे मुद्दाम तापवलेल्या बंद खोलीतली योगासनं, आणि नवीन असते ती तिथली दमट हवा. आपलं दुपारचं ऊन बहुतेक कोरडं. घाम आला की उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. त्या खोलीत ओलावा मुद्दाम वाढवलेला असतो, त्यात वीस-तीस माणसांच्या घामाची आणि श्वासाची भर. घाम उडण्याऐवजी ओघळत राहतो, आणि ओघळणाऱ्या घामाने अंग फारसं थंड होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजवतात त्या काहिलीजवळ कधी उभे राहिला असाल, तर दार उघडल्यावर तोंडावर काय येणार याचा अंदाज तुम्हाला आहे.

रोज शेतात किंवा भट्टीवर काम करणाऱ्याचं शरीर उष्णतेला सरावलेलं असतं, हेही खरं. पण हा सराव व्हायला आठवडा-दोन आठवडे रोज उष्णतेत राबावं लागतं. एसीच्या ऑफिसात बसणाऱ्याला तो नुसत्या गावाच्या नावावर मिळत नाही.

जायचं ठरलं की वर्ग नेमका कसला आहे ते फोन करून विचारून घ्या, कारण पाटी एक आणि प्रकार अनेक. मूळची पद्धत कोलकात्याच्या बिक्रम चौधरींची, सत्तरच्या दशकात अमेरिकेत रुजलेली: 26 आसनं, 2 प्राणायाम, क्रम ठरलेला, वेळ 90 मिनिटं, तापमान 105 फॅरनहाइट म्हणजे साधारण 40.5 सेल्सिअस आणि आर्द्रता 40 टक्के. या क्रमावर मालकी सांगण्याचा त्यांचा दावा अमेरिकेतल्या न्यायालयाने 2015 मध्ये फेटाळला. त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप झाल्यावर अनेक स्टुडिओंनी पाटीवरचं त्यांचं नाव काढलं. आता हॉट योगा म्हणून 60 मिनिटांचे, थोड्या कमी तापमानाचे वर्गही चालतात. पहिल्या खेपेला तोच घ्या. नव्वद मिनिटांचा हट्ट धरणाऱ्या मुलाला "तू कर, मी बघतो" म्हणायला लाजू नका.

गरोदर बायकांनी, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि पूर्वी ऊन लागून आजारी पडलेल्यांनी हा प्रयोग करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्लडप्रेशर किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि विचारताना रोजच्या गोळ्या समोर ठेवा. लघवी वाढवणाऱ्या गोळीने शरीरातलं पाणी आधीच कमी होतं, बीटा ब्लॉकर या ब्लडप्रेशर-हृदयाच्या गोळीने नाडी हवी तशी वाढत नाही, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. थंड खोलीतल्या योगासनांना यातलं फारसं काही आड येत नाही, इथे येतं. दवाखान्यांची मिरज एवढी हाकेच्या अंतरावर असताना हा सल्ला घ्यायचा आळस करू नये.

खरी तयारी आदल्या दिवशीची. वर्गाच्या दारात लिटरभर पाणी घटाघटा पिऊन काही साधत नाही. पोट डुचमळतं एवढंच. आदल्या दिवसापासून थोडं थोडं पीत राहा. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक चाललंय, गडद असेल तर अजून प्या. वर्गाच्या दोन तास आधी दोन भांडी पाणी, मग घोट घोट. घामातून मीठही जातं, त्यामुळे नुसतं पाणी अति ढोसणं हेसुद्धा धोक्याचं. रक्तातलं सोडियम उतरलं की डोकं दुखतं, मळमळतं आणि आपण "पाणी कमी पडलं" समजून आणखी पितो. ताक, लिंबू सरबत किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत चालेल. ओआरएसचं, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याचं, पाकीट नसेल तर ते घरीही करता येतं: 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मधुमेह किंवा ब्लडप्रेशर असणाऱ्यांनी हेही डॉक्टरांना विचारूनच.

खाणं दोन-तीन तास आधी आणि हलकं. मऊ भात, एखादं केळं, भिजवलेले तासगावचे बेदाणे. पुण्याला निघताना डब्यात भरलेलं भडंग परतीच्या प्रवासासाठी ठेवा. तेल, शेंगदाणे आणि लसूण पोटात असताना पाठीमागे वाकायची आसनं करून बघा म्हणजे कारण कळेल. मिसळीचं तर नावच नको. अगदी उपाशीपोटीही जाऊ नका, संकष्टी असेल तर दुसरा दिवस बघा. आदल्या रात्री दारू झाली असेल तर वर्ग रद्द करा, पैसे गेले तरी.

बॅगेत दोन टॉवेल हवेत. एक मॅटवर पूर्ण अंथरायचा, कारण घामाने मॅट घसरडी होते; दुसरा हातपाय पुसायला. एका पायावर उभं राहून दुसरं पाऊल हातात धरायचं असतं तेव्हा ओला पाय हातातून निसटतो, तिथे पंचा उपयोगी पडतो. सुती टीशर्ट घाम पिऊन जड होतो आणि अंगाला चिकटतो, त्यापेक्षा पातळ ड्रायफिट बरा. मोठं मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा. उष्णतेत बोटं थोडी सुजतात आणि अंगठी रुतते. अंगाला तेल किंवा क्रीम लावून जाऊ नका. टिकली टिकणार नाही. कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड मात्र विसरू नका.

दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा आणि मागे, दाराजवळची जागा धरा. समोर भिंतभर आरसा असतो. मूळ पद्धतीच्या वर्गात शिक्षक आसन करून दाखवत नाहीत, नुसतं बोलत राहतात. आपल्याकडच्या वर्गात सरांकडे बघून करायची सवय, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो. पुढच्या रांगेतल्या जुन्या माणसाकडे बघून करा. काही ठिकाणी गरुडासन झाल्याशिवाय पाणी पिऊ देत नाहीत, मधेच बाहेर जाऊ नका असंही सांगतात. तहान लागली तर प्या. शिस्त शिक्षकांची असली तरी चक्कर तुमची असते.

ही चक्कर का येते ते समजून घेतलंत तर घाबरायला होणार नाही. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, त्वचेच्या रक्तवाहिन्या फुगतात, हृदयाला जास्त धावावं लागतं, आणि पादहस्तासनातून झटकन वर आलात की डोक्याकडे जाणारं रक्त क्षणभर कमी पडतं. उष्ट्रासनातही अनेकांना भोवळल्यासारखं होतं. अशा वेळी मॅटवर बसायचं किंवा शवासनात पडायचं. पहिल्या वर्गाचं ध्येय एवढंच ठेवा की खोलीत टिकायचं, निम्मी आसनं सोडली तरी चालेल. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, पोटऱ्यांत गोळे आले, अंगावर शिरशिरी आली, तर बाहेर जाऊन गार हवेत बसा. एखादा माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला नीट उभं राहता येईना, तर तो उष्माघात समजा. त्याला लगेच गारव्यात आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. घाम चालू आहे म्हणून उष्माघात नाही, असं धरून चालू नका.

गरम खोलीत शरीर जास्त वाकतं, याचा आनंद होतो आणि तिथेच दुखापत होते. रोज गुडघ्यापाशी अडकणारं कपाळ त्या दिवशी नडगीला टेकतं. स्नायू ढिले झालेले असतात, सांध्यांचे बंध मात्र तेच जुने, आणि ताणाची नेहमीची सूचना उशिरा मिळते. घरी जेवढं वाकता त्याच्या अलीकडेच थांबा. गुडघा आणि कंबर दुसऱ्या दिवशी सकाळी बोलतात.

शेवटच्या कपालभातीनंतरचं शवासन घाईत गुंडाळू नका. बाहेर येऊन पंधरा-वीस मिनिटं बसा, मीठ-साखरेचं काही प्या, मगच आंघोळ आणि मगच गाडीची किल्ली. स्वारगेटवरून लगेच सांगलीची बस पकडायचा बेत आखू नका. ओल्या अंगाने एसी गाडीत बसून चार-पाच तास काढणं त्रासाचं होतं. वजनकाट्यावर किलोभर कमी दिसेल आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकावासा वाटेल. ते पाणी आहे, रात्रीपर्यंत परत येतं. घामावाटे विषारी द्रव्यं निघून जातात हा दावाही ऐकायला मिळेल. ते काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडं करतात, घामातून जातं ते बहुतांशी पाणी आणि मीठ.

दुसऱ्यांदा जायचं असेल तर निदान एक दिवस मधे सोडा. मॅट त्याच संध्याकाळी धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, गुंडाळून ठेवलीत तर पावसाळ्यात दोन दिवसांत तिच्यावर बुरशी येते.