डे ऑफ डिफीटमध्ये जिवंत माणसं कशी शोधायची

हाफ-लाइफ या गेमच्या मॉडमधून (चाहत्यांनी बदलून केलेल्या आवृत्तीतून) निघालेला हा दुसऱ्या महायुद्धाचा गेम व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये विकायला काढला. अजून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळतो, पण दुपारी गेलात तर शुकशुकाट. युरोपात रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे मध्यरात्रीचे साडेबारा, तेव्हा बसा. सर्व्हरच्या यादीतून रिकामे गाळा. खेळाडूंच्या आकड्यावर भुलू नका, त्यात बॉटही (कॉम्प्युटरच चालवतो ते खोटे खेळाडू) असतात मेले! सर्व्हरवर राइट-क्लिक करून खेळाडूंची नावं, स्कोअर, वेळ बघा. सगळे एकाच मिनिटाला आलेले दिसले तर ते बॉटच समजा, पुढे चला. माणसं सापडली की सर्व्हर फेव्हरिट्समध्ये टाका. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या वर जाईल, म्हणून स्नायपरचा हट्ट सोडा. मशिनगन घेऊन दाराशी आडवे पडा. कुणीच नसेल तर थोडा वेळ एकटेच थांबा. यादीत एक दिसला तरच दुसरा आत शिरतो.