कॉलमची नावं कशी ठेवायची, एलियस कुठे लावायचा

सोसायटीच्या मेंटेनन्सचा डेटाबेस घ्या, मेंबर, फ्लॅट, बिल, पेमेंट अशी चार टेबलं. चारहीमध्ये नुसतं आयडी, डेट, अमाउंट असं ठेवलं की बनवताना काही वाटत नाही, पण जॉइन लावला (म्हणजे दोन टेबलं जोडून एकत्र बघितली) की निकालात दोन डेट आणि दोन अमाउंट येतात आणि कुठलं कशाचं ते शोधत बसावं लागतं. म्हणून अर्थ नावातच घाला: बिल_डेट, ड्यू_डेट, बिल_अमाउंट, पेड_अमाउंट. एकाच टेबलात मालक आणि भाडेकरू दोघंही मेंबर टेबलातलेच असतील तर ओनर_मेंबर_आयडी आणि टेनंट_मेंबर_आयडी.

सगळं स्मॉल लेटर्समध्ये, मध्ये अंडरस्कोर. पोस्टग्रेस आणि ओरॅकल हे डेटाबेस सॉफ्टवेअर आहेत; कोट्स नसलेलं नाव पोस्टग्रेस आपणहून स्मॉल करतं, ओरॅकल कॅपिटल करतं, त्यामुळे एकदा डबल कोट्स लावून स्मॉल-कॅपिटल मिसळलेलं नाव ठेवलंत की पुढे प्रत्येक क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) कोट्स आलेच. मराठीत नाव ठेवायचं असेल तर पोस्टग्रेसमध्ये चालतं, पण मर्यादा 63 बाइटची आहे आणि यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, काना-मात्रा धरून, म्हणजे 21 चिन्हांत आवरा, पुढचं कापलं जातं. ऑर्डर, ग्रुप, युजर ही नावं तर ठेवूच नका, ते क्वेरीच्या भाषेचे, एसक्यूएलचे, राखीव शब्द आहेत. पोस्टग्रेसमध्ये कोट्सशिवाय सिलेक्ट युजर लिहिलं तर तुमचा कॉलम नाही, लॉगिन केलेल्या युजरचं नाव येतं!

आता एलियस, म्हणजे क्वेरीपुरतं टेबलाला किंवा कॉलमला दिलेलं दुसरं नाव. टेबलांना ए, बी, सी नको, मेंबरला एमईएम, पेमेंटला पीएवाय असं ओळखू येईल असं द्या. कॉलमच्या एलियसला ॲज हा शब्द बहुतेक ठिकाणी ऐच्छिक आहे, तरी लिहाच, कारण हे बघा:

सिलेक्ट बिल_डेट ड्यू_डेट फ्रॉम बिल

मधला कॉमा राहिलाय, पण एरर येत नाही. एकच कॉलम येतो, वर लिहिलेलं ड्यू_डेट आणि आत बिलाच्या तारखा, आणि त्यावरून कुणाला लेट फी लागली तर भांडण ठरलेलं. ॲज लिहायची सवय असेल तर दोन नावं नुसतीच शेजारी दिसली की लगेच खटकतं.

बिल_अमाउंट वजा पेड_अमाउंट ॲज बाकी असं केलं तर बाकी हे नाव ऑर्डर बायमध्ये (क्रम लावायच्या भागात) चालतं, व्हेअरमध्ये (अट लावायच्या भागात) नाही, कारण व्हेअर सिलेक्टच्या आधी चालतो. तिथे पूर्ण वजाबाकी परत लिहा किंवा ही क्वेरी दुसऱ्या क्वेरीच्या आत, सबक्वेरी म्हणून टाका आणि अट बाहेर लावा. मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर हॅविंगमध्येही (गटांवर अट लावायच्या भागात) एलियस घेतं, पोस्टग्रेस घेत नाही.

जुन्या टेबलातली नावं वाईट असतील आणि ॲप चालू असेल तर लगेच रिनेम करू नका, वर एक व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) बनवा आणि नीट नावं त्यात एलियसने द्या, नवे रिपोर्ट त्या व्ह्यूवरूनच काढा.