मगर बघायला निघालात? आधी सुकतीची वेळ बघा: गोव्यातल्या होडीच्या सफरीत या चुका टाळा

आमचं घर फोंड्यात. नोव्हेंबर लागला की घाटावरचे पाहुणे यायला लागतात, आणि हल्ली त्यांतल्या बऱ्याच जणांना समुद्रकिनाऱ्यापेक्षा 'ती मगरी दाखवतात ती सफर' हवी असते. ऐकून बरं वाटतं. झुआरी नदी, तिला मांडवीशी जोडणारा सुमारे 15 किलोमीटरचा कुंभारजुवे कालवा, दोन्ही काठांची कांदळवनं आणि त्यांच्या मागची खाजनं, म्हणजे बांध घालून राखलेली सखल खारजमीन, बघायला अर्धा दिवस काढणारा माणूस मला आपला वाटतो. तो हिरमुसून परत आला की म्हणूनच वाईट वाटतं. बहुतेक वेळा त्यात दोष तांडेलाचाही, म्हणजे होडी चालवणाऱ्याचाही, नसतो आणि मगरीचाही नसतो. घरून निघण्याआधीच गणित चुकलेलं असतं.

घड्याळ बघून वेळ ठरवणं

'सकाळी किती वाजता निघायचं?' हे सगळे विचारतात. 'त्या दिवशी सुकती किती वाजता?' हे क्वचितच कुणी विचारतं. सुकती म्हणजे ओहोटी. गोव्यात आणि खालच्या कोकणात हाच शब्द चालतो.

मगर ऊन खायला चिखलावर येते, आणि चिखल उघडा पडतो तो सुकतीला. भरती असली की पाणी थेट कांदळाच्या मुळांना भिडतं. मग मगर झाडीत आत असते, नाहीतर पाण्याखाली. तुतारीसारखे हिवाळी पाहुणे पक्षीही ओल्या चिखलातच चोची खुपसत फिरतात. पाणी चढलं की तेही बांधापलीकडे खाजनात निघून जातात.

हे मी ठेच लागून शिकलो. मामेभाऊ सहकुटुंब आला होता. सुट्टीचा दिवस, सकाळची छान वेळ, सगळं जमून आलेलं. फक्त त्या दिवशी पौर्णिमा होती, आणि ते माझ्या ध्यानातच आलं नाही. साडेआठला धक्क्यावरून निघालो तेव्हा काठाला चिखलाची जेमतेम हातभर पट्टी उरली होती. दहा वाजता तीही गेली. तीन तास आम्ही पाणी आणि पानं बघत फिरलो. उतरताना तांडेल म्हणाला, 'आयज उदक चडटालें. दनपारां येवपाक जाय आशिल्लें.' म्हणजे आज पाणी चढत होतं, दुपारची वेळ धरायला हवी होती. त्याला ते आधीपासून ठाऊक होतं. आम्ही विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

आपल्याकडे किनाऱ्यावरच्या माणसांचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण सुकती. सकाळी आठला निघालात तर चार तास पाणी उतरत राहील आणि चिखल तासागणिक रुंद होत जाईल. याहून चांगला दिवस नाही. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवशी सकाळ वाया जाते. दुपारी अडीचला निघा, पाचच्या पुढे सुकती गाठाल. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास सुकती.

हा ढोबळ अंदाज झाला. गोव्यात दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि पाणी नदीत आत चढायलाही वेळ लागतो. नक्की वेळेसाठी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर बघा आणि त्यावरून तांडेलाशी बोला. तिथी सांगून बुकिंग करणाऱ्याशी तो वेगळ्या आवाजात बोलतो, हा माझा अनुभव आहे.

आता यातली मेख. चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात जायचं असेल तर हिशेब उलटा होतो. 1988 साली घोषित झालेलं हे अभयारण्य अवघं 1.78 चौरस किलोमीटरचं, सगळं कांदळवन. तिथल्या आतल्या खाड्या इतक्या अरुंद आणि उथळ आहेत की सुकतीला होडी आत शिरतच नाही. तिथे होडी हवी तर भरतीची वेळ धरायची, आणि रायबंदरहून फेरीने जाऊन पायवाटेने हिंडायचं असेल तर सुकतीची. दोन जागा, दोन वेळा. एकाच सकाळी दोन्ही उरकायचा हट्ट धरलेल्यांच्या हाती मी दोन्ही निसटताना पाहिलंय.

भलतीच सफर घेणं

'बोट ट्रिप' एवढंच म्हणून चौकशी केली की समोरचा हमखास डॉल्फिनच्या नाहीतर मांडवीतल्या नाचगाण्याच्या फेरीकडे नेतो. डॉल्फिन समुद्राच्या तोंडाशी. आपल्याला हवी ती आत नदीत, लहान होडीची, सोबत पक्षी ओळखणारा माणूस असलेली सफर. विचारायचे प्रश्न थोडेच: होडीत किती जण बसतात, गाणी लावता का, इंजिन बंद करून थांबता का, मगरीला काही खायला टाकता का. शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं तर दुसरी होडी बघा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या परिशिष्टात मगरीचं नाव आहे. तेवढ्यावर तरी हा विषय संपायला हवा. पण त्याहून महत्त्वाचं असं की होडीचा आवाज आणि खाणं यांची सांगड मगरीच्या डोक्यात बसली तर त्याची किंमत पुढे खाजनात उतरणारा शेतकरी आणि जाळं टाकणारा माणूस मोजतो.

'अजून जवळ घ्या ना!'

इथे जरा थांबतो, कारण सफर सर्वांत जास्त वेळा इथेच बिघडते.

चिखलावर पसरलेली मगर आपल्याला झोपलेली वाटते. ती झोपलेली नसते. थंडीतल्या सकाळी ती अंग तापवत असते, कारण तिला स्वतःच्या शरीराची ऊब तयार करता येत नाही. तिची पचनशक्तीसुद्धा या उन्हावर चालते. आपण तिला पाण्यात ढकललं म्हणजे तिची सकाळची कमाई हिरावून घेतली.

जबडा वासून पडली असेल तर 'बघा, धमकावतेय' असं कुणीतरी होडीत म्हणतंच. ती धमकी नव्हे. अंग पुरेसं तापलं की जादा उष्णता ती तोंडावाटे बाहेर टाकते. खरी खूण वेगळी आहे. उघडा जबडा मिटला, डोकं किंचित पाण्याकडे वळलं, चिखलाला टेकलेलं पोट बोटभर वर उचललं गेलं, की समजायचं आपण फार जवळ आलोत. त्या क्षणी होडी थांबली तर ती पुन्हा पोट टेकते. पुढे रेटली तर सुर्रकन पाण्यात, आणि मागे चिखलावर शेपटीची फक्त ओली घळ. मग अर्धा तास बसून राहा, ती वर येत नाही.

म्हणून तांडेलाला आधीच सांगून ठेवा: जवळ गेलो नाही तरी चालेल, इंजिन लवकर बंद करा. प्रवाहाबरोबर होडी आपसूक सरकू दिली की मगर आपल्याला ओंडका समजते.

ओंडक्यावरून आठवलं. पाण्यात तरंगणारी प्रत्येक काळी वस्तू मगर वाटायला लागते. ओंडका असेल तर तो पाण्याबरोबर वाहतो. मगर मात्र प्रवाहात जागच्या जागी टिकून राहते; पुढे नाकपुड्यांचा एक उंचवटा, मागे डोळ्यांचे दोन, मधे पाणी. डोळ्यांवरून नजर हलवली की पुढच्या खेपेला ती तिथे नसते.

नावाचाही घोळ होतो. खारट पाण्यात राहते म्हणून काहीजण तिला खाऱ्या पाण्यातली मगर म्हणतात, काही सुसर. सुसर लांब चिंचोळ्या तोंडाची, ती उत्तरेकडच्या नद्यांत, गोव्यात नाही. इथली ती आपली दलदली मगर, 'मगर' हेच तिचं जगभरचं नाव, एरवी गोड्या पाण्यात राहणारी. भरतीचं खारं पाणी दिवसातून दोनदा येणाऱ्या या कालव्यात ती निभावून राहिली आहे, हेच तर बघायला जायचं. कोकणीत तिला मानगें म्हणतात. फोंडा तालुक्यातल्या दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला गावडा समाजातली मंडळी खाजनातल्या चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, मानगेथापणी म्हणतात त्याला. बांध राखणाऱ्या पाण्याशी आणि त्यातल्या जिवाशी केलेला तो करार आहे. ज्या काठावर माणसं मगरीला हात जोडतात, तिथे होडीतून टाळ्या वाजवून तिला उठवणारे लोक बघवत नाहीत.

उभं राहणं, बोट दाखवणं, ओरडणं

पक्षी दिसला की हात वर जातो आणि 'तो बघ, तो बघ!' सुरू होतं. दहा माणसं दहा दिशांना बघतात आणि हललेल्या हातानं पक्षी उडतो. त्याऐवजी होडीच्या टोकाला बारा वाजले असं धरा. 'दोन वाजता, खालची फांदी' एवढं हळू बोललं तरी सगळ्यांची नजर एकाच जागी जाते. मुलांना हा खेळ फार आवडतो. माझी भाची आम्हा सगळ्यांच्या आधी खंड्या टिपते.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावायचा प्रकारही टाळा. तो बिचारा आपल्या हद्दीत शत्रू शिरला म्हणून धावून येतो. ड्रोनचं तर नावच नको.

सामानाच्या चुका

दुर्बीण 8 पट पुरे. 10 किंवा 12 पटीची दुर्बीण हलत्या होडीत डोळ्यांना नुसता त्रास देते. कॅमेऱ्याचा शटर स्पीड किमान 1/1000 ठेवा, आणि सूर्य पाठीशी येईल असं वळण घ्यायला तांडेलाला सांगा. टोपीला दोरी हवी. पाणी भरपूर, पण धक्का सोडण्यापूर्वी शौचालयाला जाऊन या; पुढचे तीन-चार तास सोय नाही. पिशवीत प्लास्टिकचं काही असलं तर तोंड बांधून ठेवा, उडालेली पिशवी कांदळाच्या मुळांत अडकली की वर्षानुवर्षं तिथेच राहते.

लाइफ जॅकेट नुसतं अंगावर टाकू नका, बकल लावा. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट दिलं तर पाण्यात ते मुलाला सोडून वर येतं. मुलाच्या मापाचं नसेल तर मी होडीत चढत नाही, कितीही लांबून पाहुणे आलेले असोत.

होडी गाळात रुतली तर

सुकतीची वेळ धरली की हा धोका थोडा पत्करावाच लागतो. एकदा कालव्याच्या तोंडाशी आमची होडी अशी बसली. सोबतचा एक उत्साही तरुण पायजमा वर करून उतरायला निघाला, तांडेलानं त्याला खांद्याला धरून बसवलं. तो चिखल गुडघ्याच्या वर गिळतो, आत कालवांच्या कवचांच्या सुऱ्या असतात, आणि आपण तिथे कोणाच्या अंगणात आहोत ते विसरून चालत नाही. तांडेलानं सगळ्यांना खोल पाण्याच्या बाजूला सरकायला सांगितलं, इंजिन वर उचललं, बांबूनं रेटा दिला. चौथ्या रेट्याला होडी सुटली. सुटली नसती तर पाणी परत चढेपर्यंत बसायचं, एवढाच उपाय होता. म्हणून सफरीनंतर लगेच गाडी किंवा विमान गाठायचं असा बेत आखू नका.

बाजूनं बार्ज, म्हणजे मोठी मालवाहू होडी, गेली तर लाटा येतात. तेव्हा खाली बसा, होडीची कड घट्ट धरू नका, बोटं धक्क्यात नाहीतर दुसऱ्या होडीत चिरडतात. आतली फळी धरा.

मगर दिसलीच नाही तर

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं धुकं कधीकधी नऊपर्यंत हटत नाही. ढगाळ दिवशी मगर वर येत नाही. एप्रिलच्या उन्हात ती दुपारभर पाण्यातच असते. अशा वेळी तांडेलाला 'अजून पुढे, अजून पुढे' करत इंजिन पळवायला लावणं ही शेवटची चूक. 'मगर राहू दे, खंड्या दाखव' असं म्हणून बघा. त्याचा चेहरा खुलतो.

झुआरीत खंड्यांच्या किती जाती एका सकाळी दिसाव्यात! घरामागच्या विहिरीवरचा पांढऱ्या छातीचा, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत लटकणारा कवड्या, लाल जाडजूड चोचीचा मोठा, हिवाळ्यात येणारा काळ्या टोपीचा. आणि निळ्या-पांढऱ्या अंगाचा, गळ्याशी पांढरा पट्टा असलेला कॉलर्ड किंगफिशर, जो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मोजक्याच ठिकाणी दिसतो. वर ब्राह्मणी घार, समुद्रगरुड. मानशीपाशी, म्हणजे खाजनाचं पाणी आतबाहेर सोडणाऱ्या लाकडी दरवाज्यापाशी, मासे जमतात. तिथे होडी थांबवली तर कधी पाणमांजरांची जोडी डोकी वर काढते.

हेही नसेल तर खाली बघा. इंजिन बंद, होडी चिखलाच्या काठाला. पाच मिनिटं कुणी हललं नाही की बिळांतून निवट्या बाहेर येतात. बोटाएवढा मासा, पण पुढच्या परांवर रेलून चिखलावर चालतो, डोळे डोक्याच्या टोकावर, मधेच ते खाली ओढून ओले करून परत वर काढतो. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचं शीड फटकन उभं राहतं. बाजूला एक पंजा मोठा असलेला लाल खेकडा तो पंजा वरखाली करत मादीला बोलावत असतो. त्या दिवशी पौर्णिमेला फसलेला माझा मामेभाऊ पुढच्या वर्षी अष्टमी बघून आला, चिखलावर चार मगरी मोजल्या, आणि परत जाताना गाडीत मुलांशी बोलत होता ते निवट्यांबद्दलच.