कानातले स्पष्ट, डोळे धूसर

पन्नास मिलिमीटरची एफ १.८ लेन्स मी वापरलेली विकत घेतली आणि पहिले वर्षभर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे प्रकाश आत घेणारे तोंड, १.८ वरून हलवलेच नाही (आकडा जितका लहान, तितके हे तोंड मोठे). जळगावात ज्यांच्या हाताखाली लग्नांची कामे शिकलो, ते म्हणत, "उघडण्याचे पैसे मोजलेत, मग बंद कशाला करतोस?" त्यांचा हात चांगलाच होता; मात्र ते दोन-अडीच मीटरांवरून फोटो काढत आणि मी एका मीटरवर बसून, हा फरक त्यांनी सांगितला नाही आणि मलाही विचारायचे सुचले नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी मामीकडे कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसली होती. रात्रीच्या जागरणात गाणी म्हणणाऱ्या मामीचे मी शंभरेक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे सुरेख दिसले. दुसऱ्या दिवशी, विसर्जनानंतर, संगणकावर पाहिले तर कानातल्याचा खडा न् खडा मोजता येत होता आणि डोळे धुक्यात. मामीने हसत अहिराणीत विचारले, की माझे डोळे कुठे ठेवून आलास? मला मात्र हसू आले नाही.

ही चूक नीट समजून घ्या. एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एका मीटरवरून १.८ ठेवल्यास जेमतेम तीन सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, आणि गाण्याच्या ठेक्यावर डोलणारी मान सहज त्याबाहेर जाते. त्यात मी मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरून, मग कॅमेरा वळवून चौकट जुळवत असे. दहा अंश वळवले तरी फोकसची पातळी डोळ्याच्या सुमारे दीड सेंटीमीटर मागे सरकते, म्हणजे समोरच्या माणसाने श्वास रोखून धरला तरी पट्ट्याची अर्धी रुंदी तिथेच संपलेली असते. म्हणून फोकसबिंदूच डोळ्यावर सरकवा, फोकस सतत चालू राहील असा ठेवा आणि एकाऐवजी चार फोटो घ्या.

त्याहून सोपा उपाय म्हणजे २.८ वर येऊन अर्धा मीटर मागे सरकणे. तेवढ्याने पट्टा सुमारे दहा सेंटीमीटरांचा होतो, कारण अंतराचा परिणाम वर्गाच्या हिशेबाने वाढतो. प्रकाश साधारण अडीच पटींनी घटतो, १६०० चा आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ४००० वर न्यावा लागतो आणि फोटोत दाणे दिसतात. दिसू द्या. दाणेदार डोळे चालतात. धूसर डोळे संगणकावर धारदार करून देणाऱ्या युक्त्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही.

एवढे वाचून १.८ ला घाबरू नका. मंडपातले दिवे गेले आणि समईचाच उजेड उरला, की हीच लेन्स हात देते; फक्त माणूस हलत असेल तर शटरचा वेग सेकंदाच्या १/१२५ पेक्षा कमी होऊ देऊ नका. याउलट रावेरकडे केळीच्या बागेबाहेर, मे महिन्याच्या भर उन्हात १.८ चा हट्ट धरलात, तर आयएसओ १०० वरही शटर १/८००० च्या आसपास लागते आणि साध्या कॅमेऱ्याची धाव १/४००० लाच संपते. तिथे मी आता थेट ५.६ लावतो.