हाफ आयर्नमॅनला जाताय? मग सायकलवर हात आखडता घ्या

सकाळी साडेपाचला बेळगावात हिंडलग्याच्या रोडला गेलात तर सायकलवाले भेटतातच आता, आणि त्यातले बरेच गोव्याच्या हाफ आयर्नमॅनच्या तयारीतले असतात. २०१९ मध्ये मिरामारला ही रेस सुरू झाली आणि बेळगावकरांना ती घरच्यासारखीच, चोर्ला घाट उतरला की पोचलो. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, मग २१.१ किमी पळणं. तयारी सगळेच मन लावून करतात ओ, पण ताकद कुठं किती खर्चायची ह्याचा हिशोब कमी लोक करून जातात. माझंही पहिल्या वेळी तेच झालं, सायकलवर पहिले तीस किलोमीटर पाय इतके हलके वाटले की पुढं दिसेल त्याला गाठत सुटलो आणि पळताना नवव्या किलोमीटरपासून चालतच होतो, मांड्या आवळलेल्या, पोटात काही ठरेना. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पोहण्याचं थोडक्यात. पहिले २०० मीटर मुद्दाम हळू, श्वास बसू द्या, गर्दीच्या कडेला राहा. गोवावेसच्या तलावात भिंत असते, समुद्रात नसते, त्यामुळं दर आठ-दहा हातांनी डोकं वर काढून बॉया (रस्ता दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेल्या खुणा) बघायची सवय आधीच लावून घ्या, नाहीतर वाकडं जाऊन शंभर-दोनशे मीटर जास्तच पोहाल. इथं जीव काढून दोन मिनिटं वाचवली तर ती पुढं व्याजासकट जातात. (आणि सरावाला म्हणून राकसकोपला उतरू नका, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे.)

आता सायकल, खरी गंमत इथंच आहे.

हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. म्हणजे सपाट रोडवर ताशी २८ वरून २९ वर जायचं तर वेग साडेतीन टक्केच वाढला पण हवेला कापायचे वॅट (ताकदीचं माप) जवळजवळ ११ टक्के जास्त लागले. ९० किलोमीटरमध्ये त्यानं वाचतात किती, तर सात मिनिटंसुद्धा नाहीत. आणि त्यापायी पळताना शेवटचे १२ किमी किलोमीटरला ६:४० मिनिटांच्या जागी ८:०० नं पडले तर १६ मिनिटं गेली. हा हिशोब मी कागदावर मांडला तेव्हा माझे डोळे उघडले.

मग किती जोर लावायचा? पॉवर मीटर (पॅडलला किती वॅट लावताय ते दाखवणारं यंत्र) असेल तर आधी एफटीपी काढा, म्हणजे साधारण तासभर टिकेल एवढी ताकद. पहिल्या हाफला त्याच्या ७५ ते ८० टक्के पुरे, एफटीपी २०० वॅट असेल तर १५० ते १६०. फुल आयर्नमॅनला, म्हणजे १८० किमी सायकल आणि वर ४२.२ किमी पळणं असेल तिथं, ६५ ते ७० टक्क्यांवरच थांबा. मीटर नसेल तरी काही अडत नाही, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, फक्त थोडं अडखळत. पहिल्या अर्ध्या तासात 'हे फारच सोपं वाटतंय' असं वाटलं तर समजा बरोबर चाललंय.

स्पीडकडे बघू नका, हे शिकायला आपला वेंगुर्ला रोड एकदम बेस्ट. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की बाचीकडं जाताना २२ चा स्पीड मिळायला घाम निघतो आणि येताना त्याच जोरात ३४ दिसतो. जाताना हट्टानं ३० धरणारा येताना रिकामा झालेला असतो. जोर दोन्हीकडं सारखा ठेवा, स्पीड काय यायचा तो येऊ दे. चढाला पण तसंच, जांबोटी रोडला चढ आला की लोक उभं राहून पॅडल मारतात, वॅट एकदम तिनशेच्या वर, असे वीस झटके म्हणजे पळतानाचे पाय तिथंच संपले. गिअर हलका करा, बसून चढा, माथा ओलांडल्यावर लगेच ढिलं न सोडता वेग येईपर्यंत पॅडल चालू ठेवा, मग उतारावर आराम. त्या रोडला एका चहाच्या टपरीवरचे काका मला दर वेळी 'सावकाश होगरी' (कन्नडमध्ये होगरी म्हणजे जा) म्हणतात, ते गाड्यांच्या भीतीनं म्हणतात पण मी आता तेच मनात घोकतो.

खाण्याचं सायकलवरच उरकायचं कारण पळताना पोट हादरतं. तासाला ६० ग्रॅम कार्ब धरा, सवय असेल तर ९० पर्यंत. एक मध्यम केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम, बाकीचं जेल, ड्रिंक, गुळाची चिक्की, काय पचतं ते. दर वीस मिनिटांनी घड्याळाचा अलार्म लावा, भुकेची वाट बघू नका. १९७८ मध्ये हवाईला पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा सायकल संपली त्यावेळी जॉन डनबार पुढं होता, मॅरेथॉनमध्ये त्याचं पाणी संपलं, बरोबरच्या माणसांनी बिअर दिली, आणि गॉर्डन हॅलर ११:४६:५८ मध्ये जिंकला. पाणी-मिठाचं नियोजन तेव्हापासून ह्या खेळाच्या मुळाशी आहे.

पाणी किती ते स्वतःचं स्वतः काढा. एक तास पळायच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा, जेवढं घटलं अधिक जेवढं प्यालात तेवढा तासाचा घाम. आणि हे बेळगावच्या थंड पहाटे करून उपयोग नाही ओ! आपण साडेसातशे मीटरवर राहतो, गोव्याच्या दमट उन्हात घाम कितीतरी जास्त जातो आणि त्याच जोराला हार्टरेट वर चढत राहतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून शेवटचे दोन-तीन आठवडे काही रन दुपारी करा, जमलं तर एक-दोन वीकेंड खाली सावंतवाडीकडं उतरा. नुसतं साधं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरलं तर ते धोक्याचं आहे, मीठ किंवा इलेक्ट्रोलाइट हवंच.

पळायला लागल्यावर पहिले तीन किलोमीटर पाय आपले नसल्यासारखे वाटतात आणि गंमत म्हणजे वेगाचा अंदाजही चुकतो, सायकलवरून उतरल्यावर ५:४५ सुद्धा हळू वाटतं. ताजे असताना तुमची हाफ मॅरेथॉन सहाच्या पेसनं (किलोमीटरला सहा मिनिटं) होत असेल तर इथं ६:३० ते ६:४५ धरा आणि पहिले तीन किमी ७:०० नं. प्रत्येक पाण्याच्या टेबलावर वीस-तीस सेकंद चाला, नीट प्या, डोक्यावर पाणी ओता, टोपीत बर्फ घाला. पंधराव्या किलोमीटरला अंगात काही शिल्लक वाटलं तर तिथून सोडा, त्याआधी नाही.

ह्याचा सराव म्हणजे आठवड्यातून एकदा सायकल लावून लगेच बूट बदलून पळणं. सुरुवातीला अर्धा तास पुरे. त्या दिवशी रेसला खाणार तेच खा, आणि वॅट, अलार्मची वेळ आणि रनचा पेस हे तीन आकडे चिकटपट्टीवर लिहून हँडलला लावा, दमल्यावर डोकं चालत नाही तेव्हा वाचायला ते समोर असतात.